आधी पाय, मग ब्रेक

कॅप्टननं मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो तरी मूळ मुद्दा कुणी विसरणार नाही. काळेवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर मी धंदा उभा केला. भंगारवाले, पोलादाचे व्यापारी, चाकणच्या कंपन्यांचे खरेदी-साहेब, सगळ्यांशी भांडून भाव केला. कुणाला मला गंडवता आलं नाही. या पोरीनं गंडवलं, तेही माझ्याच शेडमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, एका सहा कोनांच्या किल्लीनं, ॲलन कीनं.

रहाटणीहून दर रविवारी पहाटे आमचा सायकलींचा कळप आळंदीला निघायचा. ती सगळ्यांत पुढं, म्हणून कॅप्टन. वडील चाकणला कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले, ही आयटीत. मी तिच्या मागं राहायचो ते तिचे पाय बघायला. गैरसमज नको. आयुष्यभर मी फिरणाऱ्या वस्तू बघत आलो आहे. लेथवर चांगला लावलेला शाफ्ट फिरतो तेव्हा तो फिरतोय की थांबलाय हे कळत नाही, इतका तो सरळ असतो. तिचे पाय तसे फिरायचे. चढ असो, वारा असो, गुडघा ना आत ना बाहेर. आणि सिग्नलला नुसता ‘टक’ असा आवाज. आपण मान वळवेपर्यंत तिचा पाय जमिनीवर.

तो टक म्हणजे तिच्या पेडलचा. त्या पेडलला पट्टा नसतो. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूनं बसवतात, तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये अडकतो. मग पाय आणि सायकल एक. टाच बाहेर फेकली की सुटका; पेडलचा स्क्रू आवळून स्प्रिंग जितकी टाइट, तितका सुटायला जास्त जोर.

माणूस भेटला की कॅप्टन चेहऱ्याच्या आधी पाय बघायची. मला तिनं चहाच्या टपरीवरच्या उंच कट्ट्यावर बसवलं आणि पाय मोकळे सोडायला लावले. माझा उजवा पंजा बाहेर वळतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर तिच्याकडून कळलं.

"शेठ, पाय जसा लोंबतो तसा क्लीट लावायचा. वळण क्लीटला लावायचं, पायाला नाही."

सायकलच्या दुकानात मात्र मी तिचं ऐकलं नाही. तिच्या बुटाला होते तसले, तीन स्क्रूंचे शर्यतीचे क्लीट मला हवे होते. ती म्हणाली, "आपण आळंदीला घाटाच्या पायऱ्या उतरतो. यावर तुम्ही बदकासारखे चालाल. दोन स्क्रूंचे घ्या, ते तळात लपतात."

"तुझ्या पायात काय आहे?"

"माझं सोडा."

"मग तेच दे रे," मी दुकानदाराला म्हणालो, आणि अर्धा तास घासाघीस करून ते मिळवले. कॅप्टन बाजूला उभी राहून हसत होती.

पुढच्याच रविवारी काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला, सायकल थांबली आणि पाय सुटलाच नाही. भरलेला सिलिंडर आडवा व्हावा तसा मी पडलो. एक रिक्षावाला खाली वाकून म्हणाला, "काका, सिग्नल लागलाय, झोपताय कशाला?" कोपर फुटलं त्याचं काही नाही. हसले ते लागलं. मी सायकल विकायला काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं की सायकल सुटली तर इन्सुलिनची सुई सुरू. म्हटलं, सुई परवडली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कॅप्टन शेडवर आली. पिशवीतून तिची जुनी पेडलं आणि त्यांचे दोन स्क्रूंचे क्लीट काढले आणि मला न विचारता बदलायला लागली. मी भडकलो.

"बदल, पण स्प्रिंग तुझ्याएवढी टाइट ठेव. पोरासोरांची ढिली सेटिंग मला चालणार नाही."

"काय राव शेठ! तुम्हाला ढिली कोण देईल? फुल टाइट." ॲलन की फिरली, कट कट कट. मग तिनं मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं. "आधी पाय, मग ब्रेक. म्हणा." सगळे कामगार लेथ थांबवून बघत होते. मी म्हटलं. टाच बाहेर फेकली आणि पाय लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला.

त्यानंतर मी कधी पडलो नाही. उलट, चहाच्या टपरीवर नव्या पोरांना ऐकवायचो, "फुल टाइटवर चालवतो मी. दम लागतो." कॅप्टन कपातून तोंड वर न काढता म्हणायची, "शेठचा पाय ताकदीचा आहे." एकदाही हसली नाही.

मग तिच्या कंपनीनं तिला परदेशात पाठवलं. शेवटच्या रविवारी इंद्रायणीच्या घाटावर तिनं ती ॲलन की माझ्या हातात ठेवली. "क्लीट झिजले की बदला. पेडलच्या स्क्रूला हात लावू नका."

परवा क्लीट बदलताना हात लावला. म्हटलं, बघू तरी किती टाइट आहे. स्क्रू सैल होण्याच्या बाजूला फिरवला, तो हलेना. पोट आड येतं म्हणून कधी वाकून पाहिलं नव्हतं, आता सायकल उलटी करून पाहिलं. खुणेची पट्टी पार शेवटाला टेकलेली. त्याहून ढिली स्प्रिंग या पेडलला होतच नाही. दोन्ही पेडलं, वरून-खालून, चारही बाजू तशाच.

मायक्रोमीटर लावल्याशिवाय मी कुणाचा माल घेत नाही. आणि तिनं माझं वजन, माझी भीती, माझी बढाई, सगळं न मोजता बरोबर मापात बसवलं. माझ्या बढाईला टेकू दिला, वर गंभीर चेहऱ्यानं साक्षही दिली. असा सौदा मला आयुष्यात करता आला नाही.

पण फसवणूक ती फसवणूक. कॅप्टन, याचा जबाब तुला द्यावा लागेल. फोनवर चालणार नाही, मेसेजवर तर नाहीच. रविवारी पहाटे रहाटणीच्या चौकात, बूट पेडलमध्ये अडकवून, समोर येऊन सांग, कुणाला विचारून ढिली केलीस? स्क्रू तू लावलेस तिथंच आहेत. मी पेडलमधून पाय काढून उभा आहे.