पहिल्या गटातलं शिसं

"आलं नाही म्हणजे नाहीच!"

परीक्षानळी खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि असा निकाल फेकायचा. देवासच्या कॉलेजात आमचे रसायनाचे सर वीस वर्षं हेच करत होते. मी त्यांच्या हाताखालचा डेमॉन्स्ट्रेटर. तुम्हांला सांगतो, इतका आढ्यतेखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पोरांना अनोळखी क्षार मिळायचा. तो विरघळवून एकेका गटाचं रसायन क्रमानं घालत जायचं आणि कुठल्या गटात कसला साका खाली बसतो, त्यावरून धातू ओळखायचा. सर नुसतं बघून सांगायचे. चुकले तर नळी कुणीतरी नीट धुतलेली नसायची. स्वतः चुकायचं कसं? पणजोबा संस्थानच्या दरबारात कारभारी होते ना!

आणीबाणी उठली त्या वर्षीची परीक्षा. कन्नौदच्या एका मुलीच्या वाट्याला शिसं आलं. शिशाचा पांढरा साका पहिल्याच गटात यायचा, तो तिला मिळाला नाही. दुसऱ्या गटात काळा मिळाला, आणि शेवटी तिनं बरोबर 'शिसं' लिहिलं. सरांनी वही आपटली.

"पहिल्यात नाही, मग हे टपकलं कुठून? प्यूननं कानात सांगितलं ना?"

"नहीं सर, मैंने खुद किया है!"

आमच्याकडे प्यून पोरांना क्षाराचं नाव सांगायचे, हे खरंच होतं. सरांनी शून्य दिलं. वर्ष गेलं, शिवाय चोरीचा शिक्का. पोर रडत निघून गेली.

मग मी तोंड उघडलं. "सर, तिनं द्रावण गरम असतानाच ॲसिड घातलं. गरमात शिशाचा साका बसत नाही."

"मला शिकवतोस?" म्हणत त्यांनी उरलेला क्षार पाण्यात विरघळवून तापवला, ॲसिड घातलं. काही नाही. नळी माठाखालच्या ओल्या वाळूत खोचली. थोड्या वेळानं पांढऱ्या सुया तळाशी उतरू लागल्या. सर एक डोळा मिटायचं विसरले.

ते तडक बाहेरच्या परीक्षकांकडे गेले. "चूक माझी. पोरीनं स्वतः केलंय." आणि तसेच ॲप्रनवर, नळी हातात धरून, बसस्टँडकडे पळत सुटले. मी मागे. कन्नौदची गाडी हलली होती.

"भिया, रोको!" सर ड्रायव्हरला ओरडले. गाडी थांबली.

तिच्या खिडकीशी धापा टाकत त्यांनी नळी वर धरली. "आलं गं बाई! तू बरोबर होतीस. मीच गाढव!" सगळी बस बघत होती.

आता सर नाहीत. आढ्यतेखोर होते, हे मी आजही म्हणतो. पण द्रावण गरम होतं, हे मला ती समोर उभी होती तेव्हाच ठाऊक होतं. ती दाराबाहेर जाईपर्यंत मी गप्प बसलो होतो. आणि बसस्टँडवरही आपली चूक कबूल केली ती एकट्या सरांनीच.