तोंड दाखवल्याशिवाय करंट नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या संशयाने जितकी माणसे जगवली तितकी एखाद्या दवाखान्यानेही जगवली नसतील. कागलच्या अलीकडे, हायवेला लागून एक वीज उपकेंद्र आहे. तिथे ते ऑपरेटर होते. खोलीत लोखंडी कपाटांसारखी पॅनेले ओळीने उभी, प्रत्येकात एक ब्रेकर, आणि प्रत्येक ब्रेकरच्या हाताखाली काही गावे. ब्रेकर ऑफ केला की गावे गप्प, ऑन केला की गिरण्या, पंप आणि टीव्ही एकदम बोलायला लागणार. या सगळ्या गावांचा आवाज मामांच्या अंगठ्याखाली होता. बहीण त्यांना मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामा म्हणायचो. ते मात्र मला शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणाले.

लाइनवर काम करायचे असले की वायरमन उपकेंद्रात येऊन परमिट घेतो, म्हणजे ही लाइन बंद केली आहे, खुशाल चढ, असा लेखी परवाना. काम झाले की ज्याने घेतला त्याने तो परत करायचा, मग ब्रेकर ऑन. ही रीत सगळीकडे आहे. मामांनी तिच्यावर स्वतःचे एक कलम चढवले होते: परमिट घेणाऱ्याने परत येऊन समोर उभे राहायचे आणि तोंड दाखवायचे. चिठ्ठी, निरोप, दुसऱ्याच्या हाती पाठवलेला कागद, काही चालायचे नाही. “सई कुणीबी करतंय, आवाज कुणीबी काढतंय. तोंड दाव,” असे म्हणून ते समोरच्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायचे. एकदा एक वायरमन मधल्या वेळात मिशी काढून आला, तर त्याला त्यांनी आजोळचे गाव विचारले, मामाचे नाव विचारले, आणि तो चिडून शिव्या द्यायला लागल्यावरच, “हां, ह्यो त्योच,” म्हणत ब्रेकर ऑन केला. तोवर तीन गावे ताटकळली होती.

ही सवय ते घरीही घेऊन यायचे. घरात कुणी बल्ब बदलायला स्टुलावर चढले की मामा मेन स्विच पाडून फ्यूज खिशात टाकत. बहिणीच्या लग्नात मांडवाला दिव्यांच्या माळा लावणारा माणूस शिडीवर दिसताच त्यांनी हेच केले. माळा लावून तो माणूस जेवायला निघून गेला, आणि मे महिन्याच्या दुपारी सगळे पंखे बंद पडून मांडवभर पाहुणे पत्रिकांनी वारा घेत बसले. आमचे वडील हात जोडून म्हणाले, “अहो, तो उतरला, आम्ही पाहिला!” नवऱ्या मुलाचे वडील खुर्चीतून हलले नाहीत. “तुमी बघितला, मी न्हाय बघितला.” शेवटी त्या डेकोरेटरला पंगतीतून उठवून, उष्ट्या हातानिशी मामांसमोर उभे केले, तेव्हा वारा सुटला.

दोन हजारनंतर काही वर्षांनी बातमी आली की उपकेंद्राचे ब्रेकर आता शहरातल्या कंट्रोल रूममधून चालणार. तिथे पडद्यावर प्रत्येक ब्रेकर दिसणार, कुठला ऑन, कुठला ऑफ, कुठून किती करंट जातोय तेही. माउसने बटण दाबले की वीस किलोमीटरवरचा ब्रेकर हलणार. आमचे वडील कामगार चळवळीतले, त्यामुळे घरात देवघराच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. पत्रके चिकटवायच्या खळीच्या वासावर वाढलेला मी पेटून उठलो. ऑपरेटरांच्या नोकऱ्या जाणार हे उघड होते, आणि मी ते ठळक टाइपात छापले. पत्रक घेऊन मामांकडे गेलो. “मामा, हे तुमच्या पोटावर पाय देतायत!”

“पावणं, ह्या पोटावर पाय द्यायचा तर शिडी लागंल,” आपल्या सुटलेल्या पोटावर हात फिरवत ते म्हणाले. पत्रक त्यांनी मन लावून वाचले, घडी करून चहाच्या कपाखाली ठेवले आणि मलाच यंत्राचे कौतुक ऐकवायला बसले. त्यांना ते यंत्र आवडले होते! संप, मोर्चा, निवेदन, कशातही त्यांना रस नव्हता. पॅनेलवर एक दांडा बसवला होता, त्याची एक बाजू ‘लोकल’, दुसरी ‘रिमोट’. लोकलवर असला की शहरातून कितीही बटणे दाबा, ब्रेकर ऐकणार नाही. रिमोटवर असला की ऐकणार. “सून आन् सासू एका चुलीवर, तसं हाय,” मामा म्हणाले. “एका टायमाला एकीनंच हुकूम द्यायचा.” कंट्रोल रूममधल्या इंजिनिअर बाईंशी ते रोज फोनवर तासन्‌तास बोलत, आणि त्यांनाही वायरमनचे तोंड पडद्यावर दिसायची काही सोय होते का ते विचारत. बाई हसायच्या, पण दर वेळी म्हणायच्या, “विचार चांगला आहे, मामा.”

उद्घाटनाच्या दिवशी मी निषेधाची पत्रके घेऊन उपकेंद्राच्या फाटकावर उभा होतो. शहरात कंट्रोल रूममध्ये मोठे साहेब, पाहुणे, हार, नारळ. पाहुण्यांच्या हस्ते एक ब्रेकर ऑन व्हायचा होता, आणि नेमकी त्याच ब्रेकरवरची लाइन सकाळी बिघडली. शिवा नावाचा वायरमन परमिट घेऊन गेला. मामांनी ब्रेकर ऑफ केला, दांडा लोकलवर फिरवला. मुहूर्त जवळ आला तरी शिवाचा पत्ता नाही. मग मामांच्या नव्या मोबाइलवर त्याचा फोन आला. मामा फाटकाशी माझ्याजवळच उभे होते, त्यामुळे मलाही त्याचा आवाज ऐकू आला: “काम झालं, मामा. लाइन सोडा. मी येतोय.”

मामा मोबाइलकडे बघत राहिले. शहरातून बाईंचा फोन: “मामा, सगळे थांबलेत. झालं का?” मामा म्हणाले, “व्हय. झालं.” आत जाऊन त्यांनी दांडा रिमोटवर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा, तोंड न बघता.

बाहेर येऊन ते अंगणात फिरायला लागले. मी एक पत्रक पुढे केले, त्यांनी ते घेतले नाही. “शिवाच हुता न्हवं त्यो?” त्यांनी मला विचारले. “त्याचाच आवाज,” मी म्हणालो. “आवाज त्याचाच,” ते म्हणाले, दोन पावले गेले, थांबले, आणि मग तो देह धावायला लागला. मी मामांना धावताना कधी पाहिले नव्हते. मीही मागे धावलो. आत फोन वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही. पॅनेलवर झेप घेऊन दांडा कट्‌कन लोकलवर ओढला. त्याच क्षणी पॅनेलच्या पोटात काहीतरी ‘टिक्’ वाजले. शहरातून आलेला हुकूम दारावर थाप मारून परत गेला. ब्रेकर जागचा हलला नाही.

मग फोन उचलला. पलीकडे बाईंचा दबलेला आवाज, मागे टाळ्या सुरू होऊन थांबल्याचा गोंधळ. “मामा, पाहुण्यांनी बटण दाबलं, काहीच झालं नाही. साहेब लाल झालेत.”

“होऊ द्या. मी तोंड बघून येतो.”

“आत्ता? मामा, सस्पेंड करतील तुम्हाला!”

“करू द्या की.” फोन ठेवला, दांड्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि लूना काढली. मी मागे बसलो. रस्ताभर मला मनातून वाटत होते की शिवा एखाद्या टपरीवर चहा पीत असणार, आणि निवृत्तीला काही महिने उरलेल्या माणसाची नोकरी एका वहिमापायी जाणार.

उसाच्या रानाच्या कडेला शिवाची सायकल खांबाला टेकलेली होती. शिवा वर होता. दोन्ही हात तारेवर, तोंडात पक्कड.

“शिवा!” मामांचा आवाज फाटला. “तू झालं म्हणालास की रं!”

शिवाने पक्कड काढली. “झालंच हुतं, मामा. निघालोच हुतो, तवर वर बघितलं तर तारंचा दुसरा जोड सैल. म्हटलं दोन मिन्टाचं काम हाय, उगंच परत कोण येतंय.”

तो खाली उतरला. मामांनी त्याला ना शिवी दिली ना हनुवटी धरली. त्याच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. मग लूनाचे हँडल माझ्या हाती देऊन मागे बसले. मीच चालवली.

त्याच रात्री मी नवे पत्रक लिहायला घेतले. यापेक्षा चांगला मजकूर कुठे मिळणार? माणूस हवा, यंत्र नको! दुसऱ्या दिवशी मामांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “न्हाय पावणं. ह्ये छापू नका.”

“का? तुम्ही त्याचा जीव वाचवलात!”

“मशीनचं काय चुकलं? त्येला सांगितलं, त्येनं केलं. बाईंनी विचारलं, मी सांगितलं. ‘व्हय’ मी म्हणालतो, पावणं.” ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. “मीच म्हणालतो.”

मी ते छापले नाही. मामांना सस्पेंड कुणी केले नाही. बाईंनी साहेबांपुढे काय सांगितले ते त्यांनाच ठाऊक. मामा निवृत्त झाले तसे बोलायचेही कमी झाले. संध्याकाळी दारात बसत, आणि रस्त्याने सायकलवरून शिवा जाताना दिसला की उठून उभे राहत. तो वर असताना मामांनी ‘व्हय’ म्हणून दांडा रिमोटवर फिरवला होता हे शिवाला माहीत नव्हते, मामांनी सांगितलेच नव्हते. तो घंटी वाजवायचा, हसायचा, “काय मामा, बरं हाय न्हवं?” म्हणत पुढे जायचा. मामा हात वर करून त्याला, “व्हय,” म्हणायचे, आणि तो वळणाआड जाईपर्यंत तसेच उभे असायचे.