पहिला दाब

नागपुरात लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशिनींमागे एक गल्ली आहे, तिथं कवडू निखारेचं दुकान. दुकान कसलं, घराच्या पुढच्या खोलीला शटर लावलेलं! इंजिनाचं काम तो घेत नाही, वायरिंगला हात लावत नाही. मोटरसायकलचा ब्रेक, बस. त्यातही त्याच्याकडे येतात त्या बहुतेक दुसरीकडून सर्व्हिसिंग करून आलेल्या गाड्या. काल ब्रेक चांगला लागत होता, सर्व्हिसिंग केलं आणि आज लागेना, असं झालं की माणूस पत्ता विचारत विचारत कवडूभाऊकडे येतो. आणि आल्याबरोबर हा पाना उचलेल म्हणता? छे! आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवणार आणि विचारणार, "काय काय खोललं होतं त्यायनं?"

गिऱ्हाईक वैतागतं. "मले काय माहीत गा भाऊ, तुमीच पाहा ना!" पण कवडू हलत नाही. त्याचं म्हणणं साधं. गाडी चांगली आत गेली, बिघडून बाहेर आली, तर बिघाड काही आभाळातून पडलेला नाही. जिथं हात लागला तिथंच तो बसला आहे. मागचं चाक खोललं होतं काय? मग ब्रेकच्या रॉडचा नट जास्त आवळला असणार, ब्रेक चिकटून चाक तापतं आहे. नुसती धुतली होती? मग धुतल्यावर चमकावी म्हणून डिझेलचा फवारा मारला असणार, तो डिस्कवर उडाला आणि ब्रेक सटकतो आहे. दहातल्या आठ गाड्यांचं निदान स्टुलावरच होतं.

आणखी एक. ज्यानं बिघडवलं त्याला तो कधी नावं ठेवत नाही. "हात हाय, चुकते," एवढंच. गल्लीत लोक म्हणतात, केवढा दिलदार माणूस! दुसरा असता तर नाकानं कांदे सोलले असते. आता लोकांचं काय, लोक कशालाही दिलदारी म्हणतात. कवडू नावं ठेवत नव्हता कारण त्याच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते त्यानं स्वतःच लावलं होतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कवडू तेव्हा ड्रम ब्रेकवाला माणूस. डिस्कच्या गाड्या त्याच्या हाताखाली नुकत्या येऊ लागल्या होत्या. एका सकाळी त्यानं घरच्याच गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले, ते धरणारा कॅलिपर बसवतो न बसवतो तोच कोणी हाक मारली म्हणून उठून गेला. त्याचा मुलगा दुर्गेश तेव्हा एकोणीस वर्षांचा. कॉलेजला उशीर झाला म्हणून तो तीच गाडी काढून निघाला. चार घरं सोडून वामनराव राहायचे, ते नेमके दारातून बाहेर पडत होते. दुर्गेशनं ब्रेक दाबला, गाडी काही थांबली नाही. वामनराव पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ते कधी धड चालले नाहीत.

"बाबा, पुढचा ब्रेक लागलाच नाही," दुर्गेश रडत रडत सांगत होता. कवडूनं सगळ्या गल्लीसमोर गाडी उभी केली आणि लिव्हर दाबला. दगडासारखा कडक! पुन्हा दाबला, कडक. मग काय, दोन कानाखाली दिल्या पोराच्या. "माह्या हातचं काम हाय! वरून खोटं बोलते?" गल्लीनंही मान डोलावली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ब्रेक लागला होता, आणखी काय पाहिजे?

पुढच्याच वर्षी ब्रेक ऑइलच्या एका कंपनीनं मेकॅनिक लोकांचं शिबिर घेतलं, जेवणासकट. शिकवणारा म्हणाला, नवे पॅड जाड असतात, ते बसायला त्यांना दाबणारा पिस्टन मागं ढकलावा लागतो. काम झालं की लिव्हर चार-पाचदा मारून पिस्टन पुढं आणा, नाहीतर गाडी नेणाऱ्याचा पहिला दाब रिकामा जाईल. पहिला, फार तर दुसरा. पुढं ब्रेक चोख लागेल आणि चूक कोणाला सापडणार नाही. कवडूच्या हातातला घास हातातच राहिला. घरी आला तेव्हा वामनराव काठीला धरून ओट्यावर बसले होते. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्याचं परवा झालं, परवाचं पुढचं वर्ष. दुर्गेशनं गाडी कायमची सोडली, कन्हानला ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी धरली, तिथंच बिऱ्हाड केलं. सणासुदीला बसनं येऊ लागला आणि बसनं जाऊ लागला. आठ वर्षांपूर्वी वामनराव वारले. झाकली मूठ झाकलीच राहिली. कवडूला रोज वाटायचं, सांगायला पाहिजे. आणि सांगितलं तर पोरगं परत या दारात पाय ठेवेल की नाही, याची त्याला भीती होती.

मागच्या फेब्रुवारीत हर्षा आली. पंचवीसेक वर्षांची, पॅथॉलॉजीसाठी घरोघरी फिरून रक्ताचे नमुने गोळा करणारी. सोबत तिचे वडील मनोहरराव, कपाळाला आठ्या. गाडी त्यांनीच ढकलत आणली होती, पोरीला हात लावू दिला नव्हता. सर्व्हिसिंग करून फाटकातून बाहेर पडल्या पडल्या ती पुढच्या ऑटोवर आदळली होती. कोपर सोललं, हेडलाइट फुटला. दुकानवाल्यांनी तिथंच ब्रेक दाबून दाखवला, एकदम चोख. "मॅडम घाबरल्या," म्हणाले.

"घाबरली नाही मी काका," हर्षा म्हणाली. "लिव्हर पार मुठीले टेकला. मागचा लागला, पन तेवढ्यात ऑटो आलाच."

"चार लोकायसमोर पाहिला ना ब्रेक!" मनोहरराव म्हणाले. "तुमी पाहा एकडाव अन् सांगा हिले. उद्यापासून गाडी बंद. ही बसनं जाईन."

"बसनं घरोघरी रक्त गोळा होते काय बाबा? नोकरी जाईन माही."

कवडूनं नेहमीचा प्रश्न विचारला. पुढचे पॅड नवे टाकले होते. गाडी कोणी चालवून पाहिली नव्हती, सर्व्हिसिंगवाल्यांनी ढकलत आणून तिच्या हाती दिली होती. म्हणजे पहिला ब्रेक तिनंच दाबला. निदान झालं होतं, पण कवडू डब्यातले पाने उगाच लावत बसला. इतका वेळ, की मनोहररावांनी विचारलं, "काय झालं गा भाऊ?"

मग तो उठला. नुसतं सांगून मनोहरराव ऐकणाऱ्यातले नव्हते. कवडूनं कॅलिपर उतरवला, पेचकसानं पिस्टन आत ढकलला, सगळं जागेवर बसवलं. "दाबा." मनोहररावांनी दाबला आणि लिव्हर मुठीला जाऊन टेकला. "अरे बापा!" "आता अजून दाबा." या वेळी अर्ध्यावर अडला. पुढच्या दाबाला कडक.

"पोरगी खरं बोलून राहिली," कवडू म्हणाला. "तिनं दाबला तवा रिकामा होता. त्या लोकायनं दाबला तवा भरला होता."

मनोहररावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि लेकीकडे न पाहता तिच्या हातात दिली. मग त्यांचा राग दुसरीकडे वळला. "पन हे त्या मेकॅनिकले समजत नसन काय? अन् समजते तं सांगत काहून नाही? लेकरू खोटं पडते, अन् हे चूप बसते!"

कवडूची बायको रंभाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती, आणि तिनं सुरुवातीपासून सगळं पाहिलं होतं. तिनं कप बाकड्यावर ठेवले.

"परत करा तसं," ती म्हणाली.

"काय वं?"

"ते आत ढकला. मले दाबू द्या."

पस्तीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढली, पण या बाईनं कधी गाडीला बोट लावलं नव्हतं. कवडूनं पुन्हा पिस्टन ढकलला. रंभाबाईनं पदराला हात पुसले, लिव्हर धरला आणि दाबला. मुठीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा तिनं दाबलाच नाही.

"दुर्गेश हेच सांगत होता."

"हो."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"तेरा वर्षं झाली."

हर्षा आणि मनोहरराव कुठं पाहावं ते न कळून कपांकडे पाहत राहिले. रंभाबाई काही गरीब गाय नव्हे. तिचं भांडण आरामशिनीच्या आवाजावरही ऐकू जातं. आज मात्र तिनं मोबाइल काढला, नंबर लावला आणि नवऱ्याच्या काळ्या हातात दिला.

कन्हानच्या काट्यावर ट्रकांचा गोंगाट चालला होता. "बोला बाबा," दुर्गेश म्हणाला. "सगळं ठीक हाय ना?"

कवडूनं सांगितलं. फिरवून नाही, सजवून नाही. पॅड मी बदलले, लिव्हर मारायचा राहिला, तुहा पहिला दाब रिकामा गेला, तू खरं बोलला होता, अन् मले पुढच्याच वर्षी समजलं होतं.

"बाबा," दुर्गेश म्हणाला, "मले तं वाटे, मी ब्रेक दाबलाच नाही."

"काय?"

"आधी पक्कं आठवे का दाबला. मंग सारे म्हने नाही, तुमीबी म्हने नाही. मंग मलेच वाटाले लागलं, घाबरून हात आखडला असन माहा. म्हून कवा गाडी नाही घेतली. माह्या पोराले मागं बसवाची हिंमतच नाही झाली."

कवडूला भीती होती ती शिव्यांची, पोरगं तुटण्याची. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो स्टुलावर बसला.

"दाबला होता बाबू तुनं," तो म्हणाला. "दाबला होता."

पलीकडे कुठल्याशा ट्रकनं लांब हॉर्न दिला. "वामनकाकाले सांगतलं होतं तुमी?"

"नाही."

"मी दर दिवाळीले त्यायच्या पाया पडाले जाओ. तोंड फिरवून घेत ते." मग म्हणाला, "जिजाकाकू तं हाय अजून. माह्याशी मंग बोला. आधी तिले सांगा." आणि फोन ठेवला.

कवडू हात धुवायला मोरीकडे वळला. "हात मंग धुवा," रंभाबाई म्हणाली. तो तसाच निघाला. हर्षाची गाडी, तिचा बाप, थंड होणारा चहा, सगळं तिथंच राहिलं.

चार घरं म्हणजे किती, पन्नास पावलंही नाहीत. वामनरावांची बायको जिजाबाई अंगणात भिवापुरी मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत बसली होती. "ये गा कवडू," ती म्हणाली आणि बसायला जागा केली. तो बसला नाही.

"वहिनी, त्या दिवशी दुर्गेशनं ब्रेक दाबला होता. लागला नाही. त्या ब्रेकचं काम माहं होतं. चुकी माही, पोराची नाही."

जिजाबाईनं हातातली मिरची खाली ठेवली.

"हे त्यायले सांगाचं होतं गा," ती म्हणाली.