सात नंबरची खुंटी

लहानपणी त्याला एका जागी बसवलं, तर तो बसल्या जागी पाय हलवायचा. जेवताना हलवायचा, झोपेतही हलवायचा. आई म्हणायची, "देवानं याला पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय." तेच नाव पडलं. पुढे तो केबलच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागला आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात उजव्या कडेने पळू लागला, तेव्हा कठड्यावर बसलेले लोकही "भिंगरी! ए भिंगरी!" असंच ओरडायचे. खरं नाव हजेरीपटावर उरलं, आणि बायको चिडली की तिच्या तोंडी.

राहायला सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. जिना बाहेरून, लोखंडी. घरात तो, बायको आणि आई. पण सगळ्यात जास्त मान होता तो त्याच्या दोन पायांना. घरातली एकुलती एक आरामखुर्ची पायांसाठी, पाणी तापलं की पहिली बादली पायांना, आणि एकच अंडं असेल तर तेही, आईच्या भाषेत, "पायात जायला हवं." बायको शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलरी जोडायची. तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईला ती एकदा म्हणाली होती, "माझं लग्न दोन पायांशी झालंय. वरचं धड त्यांच्याबरोबर फुकट आलं."

पायांची राखण आईकडे. तिच्या हाताला गुण होता, असं सगळी गल्ली म्हणायची. कुणाची मान धरली, कुणाची पाठ भरली, कुणाचा पाय मुरगळला की माणसं जिना चढून तिच्याकडे यायची. नवरा गेल्यावर तिने लोकांची अंगं चोळूनच हा मुलगा वाढवला होता. अंगठ्याने दाबत दाबत ती नेमकी दुखरी जागा शोधायची आणि म्हणायची, "सापडली बघ गाठ. आता फोडते." माणूस कळवळायचा, शिव्या द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पपई घेऊन आभार मानायला यायचा.

भिंगरीची तिशी उलटली, तसं घरात एक बोलणं कुणी न काढताही सारखं निघायला लागलं. पळून पळून किती पळणार? त्या वर्षी कारखान्यात सांगितलं गेलं, की हंगाम संपला की संघातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूला गोदामात कायम करायचं. सगळ्यात जुना तोच होता. अट एवढीच, की शेवटच्या सामन्याला त्याचं नाव संघात हवं.

संघात माणसं ठरलेली असायची, एकही जास्त घेता येत नसे. कुणी जायबंदी झाला, तर त्याला जखमी म्हणून काढून त्याच्या जागी दुसरा घेता यायचा. पण एकदा काढलेला माणूस त्या हंगामात परत येत नसे. हा नियम कागदावर कुठेतरी होताच, पण पोरांना तो दिसायचा कपडे बदलायच्या खोलीत. भिंतीला ओळीने खुंट्या होत्या, प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीवर जर्सी. ज्याची जागा जायची, त्याने स्वतःच्या हाताने आपली जर्सी उतरवून नव्या माणसाच्या हातात द्यायची, अशी तिथली रीत. कुणी पाडली कोण जाणे. पडली तेव्हा त्यात दिलदारी वाटली असेल. प्रत्यक्षात ती जर्सी देणारा आणि घेणारा, दोघंही जमिनीकडे बघत असायचे.

भिंगरीची खुंटी सात नंबरची. दाराला लागून.

एका सकाळी सरावात लांब टाकलेल्या चेंडूमागे तो सुटला आणि उजव्या मांडीच्या मागे काहीतरी तट्‌कन वाजलं. मागून कुणी दगड मारला असं वाटून त्याने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते जवळ आले. मास्तर कमी बोलायचे आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचे.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही मास्तर. गोळा आला जरा."

"नक्की गोळाच?"

"मग काय म्हातारपण?"

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. "बघ हं," एवढंच म्हणाले, आणि उरलेल्या सरावात त्यांनी त्याला सावलीत बसवून ठेवलं.

त्या संध्याकाळी जिना चढताना त्याने उजवा पाय आधी टाकला नाही. वर भांडी घासत बसलेल्या आईला नुसत्या आवाजावरून कळलं.

"कुठला?" तिने विचारलं.

"उजवा. मागून."

"पालथा हो."

बायको तेवढ्यात कामावरून आली होती. तिने मांडीकडे पाहिलं. अजून वरून काही दिसत नव्हतं. फक्त जागा फुगल्यासारखी आणि गरम. ती म्हणाली, "अहो, दवाखान्यात दाखवू या ना."

"दवाखाना कारखान्याचा. सकाळी दाखवलं की दुपारी मास्तरांच्या कानावर. संध्याकाळी माझी जर्सी दुसऱ्याच्या अंगात."

"मग दुसऱ्या कुठल्या..."

"अगं, स्नायू आखडलाय नुसता," आई तेल गरम करता करता म्हणाली. "चोळला की मोकळा होईल. याचे पाय मी आज बघत नाहीये. तू घरात यायच्या आधीपासून बघतेय."

यावर सुनेने काय बोलायचं असतं? ती चहा ठेवायला उठली.

आईने चोळलं ते मन लावून. आधी तळव्याने, मग अंगठ्याने, मग कोपराने. तिला गाठ सापडली. ती फोडायला तिने सगळं वजन टाकलं. भिंगरीने उशी दातात धरली. नंतर कढत पाण्याची पिशवी. उठला तेव्हा पाय हलका वाटत होता, खरंच वाटत होता, आणि आईच्या चेहऱ्यावर जुना आनंद होता. पुढचे काही दिवस रोज संध्याकाळी हेच चाललं. मांडी काळीनिळी झाली, तो रंग हळूहळू गुडघ्यापर्यंत उतरला. "साचलेलं वाईट रक्त बाहेर पडतंय," आई म्हणाली. बायकोने त्याच्यासाठी आखूड चड्डीच्या आतून घालायला घट्ट कापडाचा पट्टा शिवला. रंग झाकला गेला. तिघांनी मिळून तो पाय लपवला. एकीने तेलाने, एकीने कापडाने आणि त्याने थट्टेने. कपडे बदलताना कुणी विचारलंच तर म्हणायचा, "बायकोनं शिवलाय. नवरा पळून जाऊ नये म्हणून."

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, दुखत असेल तर आज सांग. उद्या सांगितलंस तर मी काही करू शकणार नाही."

"ठणठणीत आहे मास्तर."

सामना बघायला बायको अर्धा दिवस सुट्टी टाकून गेली होती. खेळाडूंच्या बायका गोलच्या मागच्या भिंतीपाशी बसत. पहिला काही वेळ तो चांगला खेळला. म्हणजे लोकांना चांगला वाटला. तिला दिसत होतं, की तो पळत नाहीये, पळाल्यासारखं करतोय. मग एक चेंडू कडेने मोकळा सुटला, लोक "भिंगरी!" म्हणून ओरडले, आणि इतक्या वर्षांची सवय, तो सुटला. पूर्ण सुटला. चार ढांगा टाकल्या असतील नसतील, त्याचा हात मागे गेला आणि तो तोंडावर पडला. चेंडू आपला आपण रेषेबाहेर गेला.

शेजारची बाई म्हणाली, "उठेल गं." बायको पट्ट्याचाच विचार करत होती. टाके किती घट्ट घातले होते आपण.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दिवसभराच्या कामाने वैतागलेल्या. त्यांनी पट्टा कापला, मांडी पाहिली, बोट लावलं.

"हे आजचं नाही."

त्याने कापलेला पट्टा मुठीत घेतला.

"हॅमस्ट्रिंग. मांडीच्या मागचा मोठा स्नायू. पहिल्यांदा थोडासाच फाटला असणार. बर्फ, विश्रांती, तीनेक आठवड्यांत पळायला लागला असतात. यावर शेक दिलाय का? कुणी चोळलंय?"

"मीच," तो म्हणाला.

"मागच्या बाजूला? स्वतः?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"फाटलेल्या जागी चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो. ते वाईटच. पण त्यावर धावलात, ते त्याहून वाईट. आता जवळजवळ पूर्ण तुटलाय."

बायकोला ते लगेच समजलं. शिवण थोडी उसवली, तर दोन टाके घालून बाजूला ठेवायची असते. यांनी ती आधी रगडली, मग दोन्हीकडून ओढली.

बाहेर बाकावर मास्तर बसले होते. ते उठले नाहीत.

"विचारलं होतं मी तुला. दोनदा."

"सांगितलं असतं तर काढलं असतंत."

मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "गोलकीपरचा खांदा निखळला तेव्हा महिनाभर कुणाला घेतलं मी? कुणाला नाही. खुंटी रिकामी ठेवली आणि एक माणूस कमी घेऊन संघ चालवला. तुझी नसती ठेवली? अरे, तीन आठवडे मी झाकून नेले असते. अख्खा हंगाम कसा झाकू?"

भिंगरी त्यांच्या शेजारी टेकला. त्याचा डावा पाय बाकाखाली हलत होता. उजवा नव्हता.

रिक्षात बसल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला, "चोळण्याचं आईला कळता कामा नये."

"बरं," ती म्हणाली.

जर्सी द्यायला तो कुबडी घेऊन गेला. त्याच्या जागी आलेला माणूस बंदरावरच्या संघातून आणलेला, नुकताच बाप झालेला, भला होता. तो खुंटीपाशी हात मागे बांधून उभा राहिला. कुबडी सांभाळत हात वर न्यायला भिंगरीला वेळ लागला. कुणीतरी मदतीला पुढे सरकलं, तर मास्तरांनी नुसती मान हलवून त्याला थांबवलं. जर्सी बायकोने धुऊन, इस्त्री करून दिलेली होती. "बाहीला एक टाका घातलाय," भिंगरी त्या माणसाला म्हणाला. "ओढू नकोस, तुटेल." मग दोघांनीही जमिनीकडे पाहिलं.

हंगाम संपला. आता संघात सगळ्यात जुना गोलकीपर होता; गोदामात तोच कायम झाला. भिंगरीचं हंगामी काम पुन्हा निघालं नाही. खालच्या दुकानदाराने त्याला पंक्चर काढायला बसवून घेतलं. बसून करायचं काम.

एका दुपारी आई डाळ निवडत होती. सून कामावरून जास्तीचे कपडे घरी घेऊन आली होती आणि मशीन चालवत होती. आई डाळीकडे बघतच म्हणाली, "लग्न झालं आणि याची पडतीच सुरू झाली. एकेकीचा पायगुण असतो."

हे वाक्य घरात पहिल्यांदा आलं नव्हतं. एरवी सून ते कापडाबरोबर मशीनखालून पुढे सरकवून द्यायची. त्या दिवशी तिने मशीन थांबवलं.

"माझ्या पायाचं नका सांगू, आई. तुमच्या हातांचं बघा. फाटलेला स्नायू होता तो. डॉक्टर म्हणाल्या, चोळल्यानं आतून आणखी रक्त गेलं. कोपर घालून चोळत होतात. यांनी सांगितलं, मीच चोळलं. मांडीच्या मागे. मीच."

डॉक्टरीणबाई पुढेही एक वाक्य बोलल्या होत्या. धावणं त्याहून वाईट. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. पुढे कितीतरी दिवस ते तिला आतून टोचत राहिलं, पण त्या क्षणी तिला आपलं म्हणणं अर्धंच हवं होतं.

आईने सूप खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, जणू कुणी दुसऱ्याचे आणून ठेवलेत. डाळ तशीच राहिली; शेवटी सुनेनेच निवडली.

त्यानंतर जिना चढून कुणी मान धरली म्हणून आलं, की आई दारातूनच सांगायची, "दवाखान्यात जा बाबा. मला काही कळत नाही त्यातलं." लोकांना वाटलं, म्हातारी थकली. भिंगरीला वाटलं, आपल्या दुःखाने खचली. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो खाली ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत बसायचा.

पुढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, की आता जखम भरलीय. हलक्या हाताने मालिश करायला हरकत नाही. तो लगबगीने, म्हणजे त्याला जमेल तितक्या लगबगीने, वर आला. चटई पसरून पालथा झाला. मुलाने आईला काहीतरी द्यायचं असतं, तसं तो म्हणाला, "ये गं आई. आता परवानगी मिळाली. फिरव तुझा हात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "जा ना, आई." तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नव्हता आणि माफीही नव्हती.

आई येऊन बसली. तेल घेतलं नाही. त्याच्या मांडीवर तळवा ठेवला. जिथे पूर्वी दोरखंडासारखा स्नायू लागायचा, तिथे खळगा होता आणि स्नायू वर कुठेतरी मुठीसारखा गोळा होऊन बसला होता. तिचा अंगठा सवयीने त्या गोळ्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"दाब की."

"नको."

"अगं, दुखत नाही आता."

"नको म्हटलं ना."

तिने हात उचललाही नाही आणि हलवलाही नाही. खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवून पाहत होतं. तो वाट बघत पडून राहिला, मग तसाच डोळा लागला. आई त्याच्या पावलांकडे बघत बसली. झोपेतही ती दोन्ही पावलं हलत नव्हती.