नदीबरोबर खाली

देवीने मला हो म्हटलं की नाही म्हटलं, हे खरं सांगायचं तर मला अजूनही कळलेलं नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण मनातच ठेवलं तर विरून जाईल. मी काही शिकलेली लेखिका नाही, बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

आम्ही नीउ-व्हेनेपला राहतो. यांची नोकरी रॉटरडॅमला, तिच्यामागून मी इथे आले आणि चाळिशी उलटल्यावर पडत-धडपडत सायकल शिकले. हे निवृत्त झाले आणि लगेच हृदयाचे ठोके मंदावले म्हणून छातीत पेसमेकर बसवावा लागला. सगळं नीट पार पडलं. आमचे हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीचे घरचे डॉक्टर, म्हणाले, फिरा, सायकल चालवा, फक्त मोठे चढ नकोत. पण माणूसच बसला हो! खिडकीपाशी खुर्ची घेतली ती घेतलीच. चहा दिला तर "हं". मुलाचा फोन आला तर "हं". जन्मभर मिठावरून माझ्याशी वाद घालणारा माणूस अळणी आमटी मुकाट्याने संपवायला लागला, तेव्हा मला इस्पितळात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. यंत्र चालू होतं, पण हे कुठे होते कोण जाणे.

एका दुपारी बाहेर बघता बघता स्वतःशीच म्हणाले, "इथे नजर कुठे अडतच नाही. एकदा डोंगरात सायकल चालवायची राहिली."

इतक्या महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी लगेच ऑस्ट्रियाचे नकाशे आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले. आणि तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला! नेलं आणि परक्या डोंगरात काही झालं तर? नाही नेलं आणि ते त्या खुर्चीतच संपले तर? मुलगा आर्नहेमला असतो, तो फोनवर म्हणाला, "आई, are you serious? बाबांना घेऊन आल्प्स? तुला भारतातला घाट तरी चढता येतो का गं?" त्याचंही पटायचं. मग खिडकीकडे बघितलं की माझं मला पटायचं. नकाशावर मी दरीतल्या गावातून सुरुवात करून वरच्या खिंडीपर्यंत रेघ ओढली होती. चढाचे आकडे बघून छातीत माझ्याच धडधडायचं. रेघ थोडी तोकडी करायची, पुन्हा लांबवायची. दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेवटी माहेरच्या पद्धतीने कौल लावला. आमच्याकडे कोकणात अडलं की देवाला विचारतात. दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी देवघरातल्या देवीच्या चांदीच्या टाकाला पाकळ्या लावल्या आणि हात जोडून बसले. आता इथलं घर म्हणजे हीटर चालू, हवा कोरडी. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाकळ्या वाळून टाकाला घट्ट चिकटल्या. ना उजवी पडली, ना डावी. मी म्हटलं, "आई गं, तुलाही कळेना का?" आणि मला रडूही आलं, हसूही आलं.

मग ठरवलं, आधी इथेच बघू. एका सकाळी यांना जवळजवळ ओढतच समुद्राकडे सायकलवर काढलं. दोन्ही बाजूंना फुलांची शेतं, रस्ता तळहातासारखा सपाट. पण समुद्रावरून असा वारा सुटला की पॅडल मारावं तर सायकल जागची हलेना. मी कशीबशी एका गोदामाच्या आडोशाला पोचले आणि मागे वळून बघितलं. हे खूप मागे राहिले होते. मान खाली, पाय अगदी सावकाश. मनात म्हटलं, मिळालं उत्तर. हेच ते देवीचं "नाही".

तेवढ्यात त्यांच्या मागून पिवळा रेनकोट घातलेली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. तिने काही विचारलं नाही, की हाक मारली नाही. एक हात आपल्या हँडलवर ठेवला, दुसरा यांच्या पाठीवर सपाट टेकवला आणि ढकलत निघाली. इथे दमलेल्याला वाऱ्यात असं ढकलतात, हे मी पाहिलं होतं. पण आपल्या माणसाच्या पाठीवर तो हात बघणं वेगळं असतं. दोन सायकली एकीसारख्या माझ्याकडे येत होत्या आणि यांची मान वर होती.

आडोशाला थांबलो. मी थर्मासातला चहा दिला, चिवडा पुढे केला. आणि मी पडले बोलकी. मोडक्या डचमध्ये सगळं ओतलं तिच्यापुढे, पेसमेकर, खिंड, चढ, भीती. तिने चिवड्यातली मिरची बाजूला काढत विचारलं, "पण तुम्ही चढता कशाला?"

मी म्हटलं, "म्हणजे? डोंगरात जायचं तर चढायला नको?"

"सायकली ट्रेनमध्ये घाला. वर उतरा. नदीच्या काठाने रस्ता असतो, तिच्याबरोबर खाली या. डोंगर काय, दोन्ही बाजूंना उभेच आहेत. ते कुठे जातात?"

अहो, आमच्या देवी सगळ्या डोंगरावर. लहानपणापासून पायऱ्या चढायच्या, दम लागू द्यायचा, मगच दर्शन. वरून सुरुवात करता येते, हे माझ्या डोक्याला शिवलंच नव्हतं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बाई तू! मला पार शिखरावर पोचवायला निघाली होतीस." आणि हसले. ती बाई चहाचा कप धुवायला पाणी शोधत होती. नको म्हटलं, तर हात हलवून वाऱ्यात निघूनही गेली. नाव विचारायचं राहिलं.

ती कोण होती, मी काही म्हणत नाही. कुणी म्हणेल, शेजारच्या गावची सायकलवाली. असेलही. मला एवढंच उमगलं, तेही अर्धवट, की शरण जायचं म्हणजे गुडघे फोडून घेणं असं मी धरून बसले होते. आपल्याला कुणी वर नेऊन सोडलं तर सोडू द्यावं, पुढे पाणी नेईल तसं जावं, हेही शरण जाणंच असेल का? नक्की माहीत नाही. डॉक्टरांनी मात्र नदीकाठाने खाली येणारी नवी रेघ बघून मान डोलावली.

परवा बॅगा भरताना मुलगा स्पीकरवर म्हणाला, "बाबा, निदान e-bike तरी घ्या."

हे ओरडले, "छातीत एक बॅटरी आहे, तेवढी पुरे! बुडाखाली दुसरी नको!" मग माझ्याकडे वळले. "आणि हा कुकर कुणी घातला बॅगेत? डोंगर बघायला चाललोय की खिचडी लावायला?"

"मग काय रोज ब्रेड-चीज खाणार?"

"खाईन! तुझं काय जातं?"

आवाज असा चढला की शेजारच्यांनी पडदा सरकवला. मी कुकर उचलून स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि डोळे घळाघळा वाहायला लागले. आतून हे अजून ओरडतच होते, आता टायरच्या पंपावरून. आई, तू काय म्हणालीस ते मला समजलं नाही. ओटी मी तुझी भरायची, ही रीत. भरलीस मात्र तू माझी.