आबांचा कावळा

जगात कुठेही काही विचित्र शोध लागला की तो मला कळलाच पाहिजे, ही माझी जुनी खोड. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, वोम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो, असल्या बातम्या मी पेपरातून कापून ठेवतो. मंचरच्या घरात त्या ऐकायला कुणी तयार नसतं. म्हणून वडील, म्हणजे आमचे आबा, अंथरुणाला खिळले तेव्हा मी दर रविवारी येडगावला जाऊन त्यांनाच वाचून दाखवू लागलो. चौकोनी लेंड्यांचं आबांना फार कौतुक. "रचून ठेवायला बरं," म्हणाले. धाकटा भाऊ दारात बसून ऐकायचा. गावाकडची शेती तोच बघतो. चला, दोन श्रोते तरी मिळाले, असं मला वाटायचं.

एका रविवारी कावळ्याची बातमी निघाली. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो. खाऊ घालणारा लक्षात ठेवतो आणि छळणाराही.

"टोपी घातली तर?" भावाने विचारलं.

"चेहरा ओळखतो तो, टोपी नाही."

"आन वळख पटायला किती दिस लागत्यात?"

मला इतका आनंद झाला! माझ्या बातमीवर पुढचा प्रश्न विचारणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. "रोज घातलंस तर आठवड्यात तुझ्या मागे फिरेल," मी ठोकून दिलं.

त्याच दिवशी आबा मला म्हणाले, "विहिरीकडची पट्टी तुला. नोकरी सुटली की खोली बांध आन पेपर वाचीत बस." भाऊ तिथेच होता. त्याने मान हलवली.

पुढे आबा गेले. सुतकाच्या दिवसांत भाऊ रोज सकाळी धरणाकाठच्या घाटावर जायचा. "आबांची लई आठवण येती, दादा. पाण्याकडं बसलं की बरं वाटतं." ऐकून माझे डोळे भरून यायचे. बायकोलाही मी सांगितलं, बघ, याला म्हणतात माया.

दहाव्याला घाटावर प्रवचन झालं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या, पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. आबांची काहीतरी इच्छा राहिली, अशी कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांना ऊन लागत होतं. मी हात जोडले. "आबा, धाकट्याला मी अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात गर्दीत मागे उभा असलेला भाऊ पुढे आला.

"आबा, विहिरीकडची पट्टी मीच कसतो. दादाला मंचरला करमतंय. तुमी जीव अडकवू नका."

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा सरळ पिंडावर उतरला. लोकांनी हात जोडले. "म्हातारं त्यातच अडाकलं व्हतं," कुणीतरी म्हणालं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या क्षणी आत काहीतरी तुटलं ते तुटलंच. आबांनी मला दिलेला शब्द परत घेतला होता, तोही चारचौघांत. मी सह्या करून पट्टी भावाच्या नावावर केली आणि आबांवर रुसून बसलो. त्यांचा फोटो मंचरच्या घरात लावला नाही. वर्षश्राद्धाला सुट्टी मिळत नाही असं कळवलं. सुट्टी मिळत होती.

मध्यंतरी चुलत्यांचा दहावा त्याच घाटावर होता. पुन्हा तेच, पिंड मांडलेला आणि कावळे बाभळीवर. भाऊ उशिरा मोटारसायकलवरून आला. त्याने हेल्मेट काढलं मात्र, एक कावळा फांदी सोडून थेट हँडलवर येऊन बसला आणि त्याच्या तोंडासमोर चोच वासून ओरडू लागला. मागोमाग दुसरा पायाशी उतरला.

"आरं, पिंड हिकडं हाय!" कुणीतरी ओरडलं आणि सुतकी माणसंसुद्धा हसली.

भाऊ एका हाताने "हाड, हाड" करत होता. दुसरा हात मात्र सवयीने सदऱ्याच्या खिशात गेला होता. तो तसाच खिशात ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

माझ्याच बातमीने माझा गळा कापला होता. आबांमागे उरलेला माझा एकमेव श्रोता! मी त्याच्याजवळ गेलो.

"काय घालत होतास? शेव?"

"शेंगदाणे," तो खाली मान घालून म्हणाला. मग घाईघाईने, "दादा, पट्टी परत करतो. उद्याच तलाठ्याकडं जाऊ."

"पट्टीचं बघतील तलाठी," मी म्हणालो. "आबांच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही, ते कुणाकडं जाऊन बदलून आणू?"