कासार आंबोलीत कुकरच्या चार शिट्ट्या

दिवाळीच्या सुट्टीत ओवीनं जाहीर केलं की ती चित्रकला सोडणार. ओवी म्हणजे माझी मुलगी, चौथीत आहे. सुट्टी संपली की शाळेत छंदवर्गाचा फॉर्म द्यायचा असतो. चित्रकला किंवा अबॅकस, दोन्हींतलं एकच. तीन वर्षं तिनं कुणाला न विचारता चित्रकला लिहिली. यंदा म्हणाली, "अबॅकस लिही. माझी चित्रं फिकी येतात. बाई दर वेळी तेच म्हणतात." एवढं बोलून फॉर्म फ्रिजला चुंबकाखाली अडकवला आणि आमच्या बाईसाहेब खेळायला पळाल्या.

बोलायच्या आधी रेघोट्या मारणारी मुलगी ही. तेवढ्यात शेजारणीनं मोबाईलवर एक जाहिरात पाठवली: मुळशीत, कासार आंबोलीला, मुलांसाठी ॲक्रिलिक रंग आणि पॉप आर्ट, शनिवार-रविवार. मी दहावीपर्यंत शिकलेली. पॉप आर्ट म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. फी बाराशे, रंग आणि कॅनव्हास धरून. फराळाच्या ऑर्डरींचे पैसे आले होते. देवाला दिवा लावला, हात जोडले आणि फोन फिरवला. मनात म्हटलं, शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर सोमवारी मुकाट्यानं अबॅकस लिहायचं.

जाताना एकच वस्तू न्यायची होती, घरात रोज डोळ्यांसमोर असणारी कुठलीही. ओवीनं काहीतरी दप्तरात टाकलं आणि "सांगणार नाही" म्हणाली.

शनिवारी सकाळी कोथरूडहून पौडची बस धरली. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा, नंतर चांदणी चौकातच अर्धा तास जातो. कंडक्टरला म्हटलं, "दीड आंबोली."

"कासार आंबोली म्हणा ताई," तो म्हणाला. "कोकणाकडच्या आंबोलीला ही गाडी जात नाही. गेली असती तर मीच पहिला बसलो असतो."

भूगावात मंगल कार्यालयांच्या पाट्या, पिरंगुटला कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. पिरंगुट मागं पडलं आणि खिडकीतून एकदम गार, ओल्या पेंढ्याचा वास आला. भाताची कापणी चालू होती. ओवी खिडकीला नाक लावून बसली. मला तर पोरीच्या वरताण आनंद झाला होता, कारण लग्नानंतर देवदर्शन सोडून मी कुठं राहायला अशी गेलेच नव्हते.

फाट्यावर उतरून पंधरा मिनिटं चालत गेलं की सुमनमावशींचं घर. खालची जमीन त्यांनी बंगलेवाल्यांना विकली, वरची ठेवली, आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. जेवणासकट सहाशे रुपये. खोली साधी पण लख्ख, संडास बाहेर. गोठ्यात बैलजोडी, पोळ्याला रंगवलेली शिंगं अजून लालभडक. आम्ही कशाला आलोय ते ऐकून मावशी म्हणाल्या, "रंगवायला शिकाया हितं आलायसा? पुण्यात भिंती संपल्या व्हय?"

शिबिर शेजारच्या बंगल्याच्या पडवीत होतं. अकरा मुलं. शिकवणारी केतकीताई पंचविशीची, पायात वहाणा नाहीत, कानाला निळा रंग लागलेला. तिनं मुलांना सांगितलं, "पॉप आर्ट म्हणजे काय? जी वस्तू रोज बघून बघून आपल्याला दिसेनाशी होते, ती एवढी मोठी काढायची. भडक रंगात. आणि एकदा नाही, चार वेळा. चला, आपापल्या वस्तू काढा."

कुणी टूथपेस्ट काढली, कुणी बिस्किटाचा पुडा, एकानं बाबांची चप्पल. ओवीनं काढली कुकरची शिट्टी. माझ्या कुकरची.

दहाच मिनिटांत ह्यांचा फोन. "अगं, शिट्टी कुठं ठेवलीस? डाळ धुऊन बसलोय."

"कासार आंबोलीत आहे."

"कोण?"

"शिट्टी. आज पिठलं करा."

पडवीतल्या सगळ्या आया हसल्या. मी पण हसले, पण मनात म्हटलं, पोरीची नजर बघा. ती शिट्टी मी रोज सकाळी लावते, तिचा आकार इतका देखणा आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

आता रंगाचं सांगते, कारण आमचं सगळं तिथंच बिनसलं. ॲक्रिलिक शाळेतल्या रंगांसारखा नसतो. ट्यूबमधून लोण्यासारखा निघतो. पाणी घालून पातळ करायचा नाही, आणि बशीत काढला की दहा-पंधरा मिनिटांत वाळतो. म्हणून भरपूर घ्यायचा आणि धडाक्यानं लावायचा. केतकीताईनं हे दोनदा सांगितलं. ओवीनं मोहरीएवढा पिवळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सतरंजीवरून अंगठा-बोट जुळवून खूण केली, बरोबर, एवढाच. तिनं त्यात पाण्याचे चार थेंब घातले.

जेवणाच्या सुट्टीत तर मी कहर केला. मुलं बशा तशाच टाकून पळाली. एवढा रंग उरलेला बघून मला राहवेना. उरलेली भाजी काढून ठेवतात तसा मी अकरा बशांतला रंग चमच्यानं निपटला, रंगांप्रमाणे फराळाच्या पाच रिकाम्या स्टीलच्या डब्यांत भरला आणि वर ओला रुमाल टाकला. तासाभरानं उघडून बघते तर वर साय. चांगली जाड, ओढली की रबरासारखी निघणारी. मुलांची चंगळच झाली, त्यांनी त्या रंगाच्या साया गालाला चिकटवल्या. केतकीताई पोट धरून हसली. डबे पुढं दोन दिवस घासत होते, ते वेगळंच.

ओवी हसली नाही. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्या दोन-दोन चौकटी झाल्या. हिची एकच शिट्टी, तीही पाणचट, मधेमधे कॅनव्हास दिसणारी. तिनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "आई, अबॅकसच लिही," म्हणाली.

मी आवरत होते, तेव्हा केतकीताई जवळ आली. "काकू, एक बोलू? ओवीचा हात छान आहे. पण ब्रश बुडवायच्या आधी ती प्रत्येक वेळी तुमच्याकडे बघते."

मी सतरंजी झटकून तिची घडी घातली. आमच्या घरी साबणाची चिप नव्या वडीला चिकटते, त्याची मला लाज नाही. त्यावरच घर चाललंय. ओवी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढते, रंग थेंबभर वापरते, आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगते की माझी पोर किती शहाणी. चित्रं फिकी का येतात, हे बाईंना कळत नव्हतं. मला तरी कुठं कळत होतं?

शनिवारचा माझा उपवास होता. दिवेलागणीला तो सोडायला मावशींनी इंद्रायणीचा भात, वरण आणि मेथीची भाजी वाढली. भात इतका सुवासिक की नुसता खावा. तिथं जाल तर दोन किलो विकत घ्याच.

रविवारी पहाटे आंघोळ करून गावातल्या मारुतीला गेले. हात जोडून सांगितलं, आज ओवीचं चित्र पुरं होईपर्यंत माझं मौन. उपवास मला जड जात नाहीत, पण "पुरे", "जपून", "वाया जाईल" हे शब्द दिवसभर गिळणं न खाता राहण्यापेक्षा अवघड आहे, हे मला ठाऊक होतं. जायच्या आधी ओवीला तेवढं सांगितलं होतं. ती डोळे चोळत म्हणाली, "मग हातानं पण बोलायचं नाही."

परत आले तर अंगणात मावशी तुळशीच्या लग्नासाठी वृंदावन रंगवायला बसलेल्या. बादलीत कालवलेला गेरू, हातात केरसुणीएवढा ब्रश. ओवी बाजूला उभी.

"ए पोरी, बघत काय बसलीस? धर."

ओवीनं ब्रशाचं टोक बुडवलं आणि वृंदावनाच्या कोपऱ्यात एक रेघ काढली.

"तुळशीचं लगीन हाय, का तिला तीट लावतीयास?" मावशी म्हणाल्या. "माती हाय ती, डोंगरात लई हाय. पार बुडीव. सांडलं तर सांडलं, अंगण बी लाल हुईल."

ओवीनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी वळून अंगणाखालच्या ओढ्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मागून फटाफट आवाज. वळले तेव्हा वृंदावनाची एक बाजू लाल झाली होती आणि ओवीही कोपरापर्यंत लाल.

त्याच हातांनी ती पडवीत गेली. केतकीताईनं कोरा कॅनव्हास दिला, चार चौकटी आखल्या. ओवीनं पिवळी ट्यूब उचलली आणि दाबली. दाबतच राहिली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हो, बरं नाही का?" मी मान हलवली.

जांभळ्यावर पिवळी शिट्टी. मग हिरव्यावर गुलाबी. तिसरीला हात घसरला आणि केशरी रंग पार चौकटीबाहेर गेला. माझ्या तोंडून "अगं" निघणारच होतं, मी पदर तोंडात धरला. ओवीचा चेहरा एवढासा झाला. पण मागं वळून बघितलं नाही. केतकीताईकडेही नाही. डागाकडे बघत ती वाट बघत बसली, बोट लावून वाळलाय का बघितलं, आणि वरून सरळ काळा रंग फासला. त्या काळ्यावर केशरी शिट्टी जी उठली, ती चारांत सगळ्यात झकास. ॲक्रिलिकचा हा गुण मला फार आवडला, चुकलेलं वाळू द्यायचं आणि वरून पुन्हा रंगवायचं.

दोन वाजता चौथी झाली. "काकू, सोडा आता मौन," केतकीताई म्हणाली, ओवीनं तिला सांगितलं असणार. सकाळपासून किती वाक्यं जुळवली होती. तोंडातून आलं, "भूक लागली असेल ना गं?"

चित्रं पडवीच्या भिंतीवर लावली. मावशी बघायला आल्या. ओवीच्या चित्रापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ही कुकरची शिट्टी? आन एवढी? वाजली तर लवासापातुर लोकं जेवाया बसत्याल."

ओवी जी हसत सुटली ती परतीच्या बसमध्येही थांबेना. कॅनव्हास मांडीवर उभा, त्यामागं ती दिसतच नव्हती.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुने कपडे घाला, हा रंग वाळल्यावर निघत नाही. माझ्या साडीच्या काठावर गुलाबी ठिपका बसलाय तो बसलाच. आणि उरलेल्या रंगाचे डबे भरू नका. रंग उरलाच तर पोरांना दगड द्या रंगवायला, केतकीताई तसंच करते. घरी करायचं तर सहा लहान ट्यूबांचा संच दोनशेच्या आसपास मिळतो, आणि जुन्या पुठ्ठ्यावरही छान उठतो. पुठ्ठ्यात काटकसर करा, रंगात करू नका, इतपत मी शिकले. साबणाच्या चिपा मी अजूनही जोडते.

सोमवारी सकाळी कुकर लावला. ओवीनं फॉर्म काढला आणि माझं पेन घेतलं. मी पोळ्या लाटत होते, विचारलं नाही. मग कागद समोर आला. छंदवर्गाच्या रकान्यात तिनं "चित्रकला" लिहिलं होतं, असं मोठं की "ला" रकान्याबाहेर, खाली पालकांच्या सहीच्या जागेत उतरलेला. पिठाचे हात पुसले आणि कडेला जेवढी जागा उरली होती तेवढ्यात मी सही केली.